डोळे उघडे ठेवणारं काडतूस

पहाटे साडेतीनला वेइक्को सारेलाचा दिवस सुरू व्हायचा. खाणीची पाळी सहाची, पण आधी बर्फ. स्वतःच्या दारातलं, मग शेजारच्या म्हातारीच्या दारातलं, मग रस्त्यापर्यंतचं. फावडं तो पाऊणच भरायचा. भरलेलं फावडं कंबर खातं आणि अर्धं फावडं वेळ खातं. मग कॉफी, वेलचीच्या पावाचा तुकडा, आणि खाली, लोखंडाच्या खाणीत.

खाणीत तो ड्रिल धरायचा. हवेवर चालणारं, एका लोखंडी पायावर उभं राहणारं, दगडात शिरताना माणसाचे दात हलवणारं यंत्र. अर्धं आयुष्य त्याने ते खांद्याने रेटलं. त्या खांद्यावर हातोडी आपटली तर दांडा मोडेल, असं लोक म्हणायचे. आणि हाच माणूस बंदुकीचा चाप ओढताना डोळे गच्च मिटायचा.

त्यात नवल नव्हतं. ड्रिल सांगून हादरवतं आणि हादरवतच राहतं. बंदूक गप्प बसून राहते आणि एकदाच लाथ घालते. बैलाच्या शिंगांची सवय होते, खेचराच्या लाथेची होत नाही.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या बाजूला, हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्या दिवशी खाण बंद असे. मालकांनी बंद ठेवलेली नसे, उतरायला कुणी येत नसे म्हणून बंद. सगळे आपापल्या कॅम्पात. वेइक्कोचा कॅम्प म्हणजे मेहुण्याचा कॅम्प. त्याची बायको सैमा हिचा थोरला भाऊ तौनो, त्याने दलदलीच्या कडेला ओंडक्यांची खोली बांधली होती. खोली त्याची, चूल त्याची, म्हणून नियमही त्याचे.

पहिला नियम त्या मुलखात सगळीकडेच होता. ज्याचा नेम चुकला, त्याच्या सदऱ्याचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचं. तौनोच्या कॅम्पात इतकी शेपटं झाली होती की उत्तरेच्या भिंतीतून वारा यायचा थांबला होता.

दुसरा नियम तौनोचा स्वतःचा. ज्याची दहा शेपटं झाली, तो आचारी. आचाऱ्याने बंदुकीला हात लावायचा नाही. पुढचा कुणी दहावर पोचेपर्यंत चुलीपाशीच बसायचं. मग आधीच्याची शेपटं माफ.

त्या वेळी आचारी होता डेल्फिस ब्युशे, फ्रेंच कॅनडातून आलेला लाकूडतोड्या. वाटाण्याचं सूप असं करायचा की माणसं भांडं पुसून खात. पण त्याला सूप करायचं नव्हतं, हरीण मारायचं होतं. वेइक्कोची नऊ शेपटं भिंतीवर होती आणि डेल्फिस रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघत कात्रीला धार लावायचा.

"वेइक्को, यंदा सदरा कोणत्या रंगाचा घेतोयस?" रस्त्यात भेटला की तो विचारायचा.

"निळा."

"निळा घे, निळा. निळा भिंतीवर कमीच आहे."

कॅम्पातल्या लोकांना मात्र नेम चुकण्याचं कारण ठाऊक होतं. हरणं. त्या दलदलीतली हरणं दर वर्षी जाड होत चालली होती, असं तौनोचं ठाम मत. आजोबांच्या काळी ती साध्या तीस-तीसच्या काडतुसाने पडत. मग तीस-शून्य-सहा लागायला लागलं. मग मॅग्नम. दर वर्षी काडतूस वाढलं, दर वर्षी शेपटं वाढली, आणि दोन्ही गोष्टी हरणांच्या कातडीवर गेल्या. गोळी लागते पण आत जात नाही, असं ते चुलीपाशी बसून एकमेकांना पटवत. लागल्याची खूण कुणाला कधी दिसली नव्हती. दिसणार कशी? सगळ्यांचे डोळे मिटलेले.

जून महिन्यात वेइक्को पेन्हेलच्या दुकानात गेला. पेन्हेल एकाच टेबलावर काडतुसं आणि लोकरीचे सदरे विकायचा. दोन्हींचा खप एकदमच वाढायचा, का ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"गेल्या वर्षी काय झाडलंस?" पेन्हेलने विचारलं.

"मॅग्नम."

"चुकलं?"

"चुकलं."

"म्हणजे कमी पडलं." त्याने फळीवरून गाजराएवढं काडतूस काढून टेबलावर उभं केलं. "आफ्रिकेत हे हत्तीला घालतात. तौनोने कालच नेलं."

"इथे हत्ती कुठे आहेत?"

"बघ! या काडतुसाचं नाव ऐकूनच पळालेत."

वेइक्को ते हातात घेऊन तोलत राहिला. खांदा आतल्या आत आखडला. उद्या सांगतो म्हणून तो घरी आला आणि सैमाला सगळं सांगितलं. यंदा चुकलं तर उरलेलं आयुष्य चुलीपाशी, कारण दुसरं कुणी दहाच्या जवळ दिसत नव्हतं. बापाबरोबर तो जंगलात जायला लागला होता तेव्हा त्याला बंदूक उचलतही नव्हती, आणि आता ती कायमची खाली ठेवायची.

सैमा चर्चच्या महिला मंडळात होती. मंडळ हिवाळ्यात मोजे विणायचं आणि उन्हाळ्यात खडीच्या खाणीत कागदाच्या लक्ष्यावर नेमबाजी करायचं. मोज्यांपेक्षा नेम बरा होता.

"रविवारी तुझी मॅग्नम घेऊन ये," ती म्हणाली. "भरून मी देईन. तू फक्त झाड."

रविवारी वेइक्को खडीच्या ढिगाला पाठ टेकून बसला. पहिला बार झाला. कागद कोरा. दुसरा बार झाला. कागद कोरा. तिसऱ्या खेपेला सैमाने मंडळातल्या एका बाईकडून मुद्दाम करून घेतलेलं काडतूस भरलं, वर गोळी पण आत दारूचा कण नाही. वेइक्कोने चाप ओढला. नुसतं टक्. धूर नाही, धक्का नाही, आणि नळीचं तोंड मात्र वीतभर खाली गेलं, कोंबडीने दाणा टिपावा तसं.

"बंदूक उडाली नाही," वेइक्को डोळे उघडत म्हणाला.

"नाही. तू उडालास."

"मी?"

"लाथ बसायच्या आधीच वाकतोस. डोळे मिटतोस, खांदा ढकलतोस, नळी जमिनीत खुपसतोस. वेइक्को, नऊ वर्षं तू हरणांच्या खुरांपुढची माती मारतोयस."

वेइक्कोने नळीचं तोंड वर उचलून पाहिलं. मग म्हणाला, "आणि कातडी?"

"कातडी जाड आहे खरी," सैमा म्हणाली. "पण हरणाची नाही."

सोमवारी दोघं पेन्हेलकडे गेली. सैमाची अट एकच होती. हरणाला एका गोळीत पाडील आणि उन्हाळाभर रोज झाडता येईल, असं काडतूस. जे सरावाला नकोसं होतं, ते हंगामात ओळख देत नाही.

पेन्हेलने नाइलाजाने तीन मांडली. दोनशे बावीस हे कागदावर झाडायला लोण्यासारखं, पण हरणाला ते जखमी करून सोडील. बाजूला. तीस-तीसने हरणं पिढ्यान्‌पिढ्या पडली होती, पण त्याची बंदूक हलकी आणि दस्त्याला लोखंडी पट्टी, म्हणजे काडतूस लहान असूनही लाथ हाडात. शिवाय लांबच्या कागदावर भोकं पांगायची. बाजूला. तिसरं दोनशे त्रेचाळीस. अंग मोठ्या काडतुसाचं, मान बारीक, गोळी हलकी आणि वेगाची. जड गोळी घेतली तर हरणाला पुरेशी, हलकी घेतली तर लक्ष्याला. धक्का तीस-शून्य-सहाच्या निम्मा.

"हे बायकापोरांचं आहे," पेन्हेल म्हणाला.

"मग दे," सैमा म्हणाली. "मी बाईच आहे."

"बंदूक तरी हलकी घ्या. दलदलीत दिवसभर वाहायची."

आता मात्र वेइक्को बोलला. "जडच दे. बंदूक जड असली की लाथ हलकी. वजन मी वाहीन. मला पगार वजन वाहायचाच मिळतो."

बंदूक स्वस्त नव्हती. वेइक्कोने खाणीतल्या पंपावर रविवारच्या जादा पाळ्या धरल्या. पाणी उपसायचं, व्हॉल्व्हवर नजर ठेवायची, दुपारी वर यायचं आणि तसंच खडीच्या खाणीत जायचं. सैमा भरून द्यायची, कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं. कोणतं ते सांगायची नाही. खांदा थकायच्या आत थांबायचं, हा त्याचा नियम. दमलेल्या अंगाला शिकवायला गेलं की ते चुकीचंच शिकतं. जुलैत नळी दर टक्‌ला दाणा टिपत होती. ऑगस्टमध्ये नुसती मान हलवायची. पानं पिवळी पडेपर्यंत टक् झालं तरी नळी जागची हलेना, आणि कागदावरची भोकं एका बशीत मावायला लागली. मंडळातल्या बाया त्याला अजून हरवत होत्या. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्या जुन्या होत्या.

चौदा नोव्हेंबरच्या संध्याकाळी कॅम्पात त्याने काडतुसांचा डबा फळीवर ठेवला. तौनोने एक काढून चिमटीत धरलं.

"हे काय, दात कोरायला आणलंस?"

"हरणाला."

"अरे, आपल्या दलदलीतलं हरीण हे खाजवायला वापरील! सैमा विणकामाची सुई द्यायची ती चुकून हे दिलं वाटतं."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने डेल्फिस. त्याने सूप वाढलं, वेइक्कोला दोनदा वाढलं, आणि मायेने त्याच्या सदऱ्याचा मागचा काठ चाचपून पाहिला. निळा होता.

सकाळी वेइक्को दलदलीच्या कडेला पडलेल्या देवदाराला टेकून बसला. थंडी नाकात टोचत होती. उजाडून थोडा वेळ झाला असेल तोच झुडपांतून शिंगांचा नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. वेइक्कोने बंदूक खांद्याला लावली. खांदा आखडला नाही. श्वास सोडला, चाप हळूहळू दाबत नेला.

बार झाला आणि त्याने सगळं पाहिलं. नर दचकला, चार उड्या मारल्या आणि पडला. वेइक्को तसाच बसून राहिला. आजवर त्याची समजूत होती की बार झाला की जंगल रिकामं होतं. तो बंदुकीचाच गुण आहे, असं त्याला वाटायचं.

नर ओढत आणून कॅम्पापुढच्या आडव्या खांबाला टांगला. तौनोने त्याला चहूबाजूंनी पाहिलं, कातडी चिमटीत धरली.

"आजारी असणार," तो म्हणाला.

"आजारी? उड्या मारल्या त्याने," वेइक्को म्हणाला.

"तापात मारतात."

"आणि पडला का?"

"ताप उतरला."

डेल्फिस आत गेला आणि कांदे चिरायला लागला. कांदे नसते तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलंच असतं.

दुपारी दलदलीच्या पलीकडून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. माणसं धावली. तौनो बुंध्यावर बसला होता तो बुंध्यामागच्या पाण्यात उताणा पडला होता. बंदूक छातीवर, आणि बंदुकीवरची दुर्बीण भुवईत घुसून कपाळावर रक्ताची चंद्रकोर.

"हरीण कुठे गेलं?" कुणीतरी विचारलं.

"उडालं," तौनो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत उडालं."

"कुठल्या डोळ्यांदेखत?" वेइक्कोने विचारलं. बर्फावर खुरांच्या खुणा होत्या, आणि खुणांच्या दहा पावलं अलीकडे बादलीएवढा खड्डा.

तौनोचं शेपूट कापलं. ते ठोकायला जागा शोधताना डेल्फिसला काहीतरी सुचलं. तौनो आपला कोट नेहमी चुलीमागच्या एकाच खिळ्याला टांगायचा. डेल्फिसने कोट उचलला. खाली नऊ शेपटं होती, सगळी तौनोच्या नावाची, एकावर एक. दहावं डेल्फिसने स्वतः ठोकलं, मग अंगावरचा फडका सोडला, तौनोच्या कमरेला बांधला आणि गाठ दोनदा आवळली.

"नियम कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा," तौनो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात पेन्हेलच्या दुकानात एकेक जण मागच्या दाराने आला. प्रत्येकाला दोनशे त्रेचाळीस हवं होतं आणि प्रत्येकाला ते बायकोसाठी हवं होतं. डेल्फिस एकटाच पुढच्या दाराने आला. खडीच्या खाणीत महिला मंडळाला बसायला जागा उरेना. त्या नोव्हेंबरात कॅम्पात कुणाचाही नेम चुकला नाही. पेन्हेलचे सदरे फळीवर तसेच राहिले.

आणि तिथेच घोटाळा झाला. कुणी चुकेना, म्हणून कुणी दहावर जाईना, म्हणून तौनो चुलीपासून उठेना. तौनो एकाच भांड्यात सगळं शिजवायचा. खारा मासा, बटाटे, आणि पाणी वाया नको म्हणून कालची कॉफी. तिसऱ्या दिवशी माणसं झाडाची साल चावून बघायला लागली.

रात्री सगळ्यांनी वेइक्कोला बाजूला घेतलं.

"तुझी नऊ आहेतच. एकदा चूक. तुला स्वयंपाक येतो."

"तुम्ही चुका."

"आम्हाला अजून बऱ्याचदा चुकावं लागेल. तोवर मरू."

वेइक्कोलाही ते पटलं. पोट त्यालाही होतं. दुसऱ्या दिवशी नर समोर आला तेव्हा त्याने मनापासून प्रयत्न केला. खांदा आखडला, नळी खाली ढकलली, डोळे मिटायला गेला. डोळे मिटेनात. उन्हाळाभर शिकवलेलं अंग ऐकेना. नळी आपोआप जागेवर आली आणि नर जागच्या जागी पडला.

"तू मुद्दाम मारलास!" कॅम्पात सगळे ओरडले.

नियम बदलायला तौनो तयार नव्हता. नियम मोडायचा तर मग हा फडका कशाला सोसला, असं तो म्हणायचा. तेव्हा वेइक्कोने रविवारच्या पाळ्या पुन्हा धरल्या. बंदुकीचे पैसे केव्हाच फिटले होते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पंपावरची ती सगळी कमाई पेन्हेलच्या बायकोकडे गेली. तिच्या हातच्या मांस, बटाटा आणि सलगम घातलेल्या जाड करंज्यांसाठी, दर नोव्हेंबरात एक पेटी भरून, तौनोच्या नजरेआड सगळ्या कॅम्पाने खायच्या.