बहिणीच्या घराची फाईल

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका सरकारी दफ्तरात मी घरबांधणीचे अर्ज तपासत असे. एक दिवस धाकट्या बहिणीचाच अर्ज टेबलावर आला. मोहगावकडच्या तिच्या गावात सासरच्या घरी तीन कुटुंबं दाटीवाटीनं राहत. तिला आपल्या संत्र्याच्या शेतात दोन खोल्या बांधायच्या होत्या.

"दादा, होऊन जाईन ना?" तिनं विचारलं.

"शेतीच्या जमिनीवर घर नाही बांधता येत. आधी डायव्हर्शन करावं लागते, जमीन बिनशेती करून घ्यावी लागते."

"त्याले किती दिवस लागतीन?"

"सांगता नाही येत."

स्वतःच्या शेतात राहण्यापुरतं घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला सूट आहे, हे मला अंधुक आठवत होतं. परिपत्रक मागच्या कपाटात होतं. पण बहिणीचं काम करून दिलं असं कोणी म्हणेल, या भीतीनं मी उठलोच नाही. नामंजुरीची टीप लिहून फाईल साहेबांकडे पाठवली.

डायव्हर्शनची वर्षभर वाट पाहून बहिणीचं कुटुंब छिंदवाड्याला गेलं. मेहुण्यांना तिथं एका गोदामात काम मिळालं. दोन्ही भाच्यांची नावं गावच्या मराठी शाळेतून काढली. पुढे सौंसरच्या बाजारात त्या शाळेचे गुरुजी भेटले. म्हणाले, "मराठीवाले पोरं एकेक करून जाऊनच राहिले. आता सारा वर्ग एका चटईवर मावते." पुढच्या वर्षी शाळाच हिंदी शाळेत विलीन केली.

काही वर्षांनी तसाच एक दुसरा अर्ज आला. त्या शेतकऱ्यासाठी मी परिपत्रक शोधलं, आणि त्याचं काम झालंही. परिपत्रकाची एक नक्कल घेऊन मी छिंदवाडा गाठलं.

बहिणीनं कागद वाचला. "हे तेव्हाचंच आहे ना?"

"हो."

"मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"लोक काय म्हणतील म्हणून भ्यालो."

"आता पोरी इथं रमल्या, दादा. तिकडची शाळा बी राहिली नाही. कोणासाठी बांधू?" एवढं बोलून ती आत गेली.

धाकटी भाची दारात उभी होती. "मामा, मम्मी को क्या हुआ?"

मी मराठीत सांगू लागलो. तिला आता मराठी नीट कळत नव्हतं. शेवटी म्हणालो, "कुछ नहीं, बेटा. मुझसे गलती हो गई."