पदराचं निमित्त

आईचा उजवा हात कशानं मोडला हे आमच्या वालूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. ती स्वतःच सांगत फिरते, "पदर खोचला न्हवता मी, गेला चाकात." ऐकणारे तिला वेंधळी ठरवतात. मी शेजारी मान खाली घालून बसतो. दोन वर्षं मी हेच करत आलोय.

गाडी वडिलांची. जुनी, शंभर सीसीची. ते गेल्यावर सहा वर्षं गोठ्यात उभी होती. सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकी आतून गंजलेली, वर कडब्याच्या पेंढ्या. मला गाडी येत नव्हती. चाळिशीतला मास्तर मी, शाळेला एसटीनं जायचो. ज्यांना मी हाताला धरून सातवी पास केलं ते समोरून भुर्रकन जायचे आणि वर विचारायचे, "सर, सोडू का?" त्याचा मला फार राग यायचा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, हीच गाडी नीट करायची आणि हिच्यावरच शिकायचं.

महिनाभर मेकॅनिकच्या दुकानात बसलो. टाकीत डिझेल आणि बारीक खडे घालून ती हलवत राहिलो, गंज सुटेपर्यंत. कार्बोरेटर धुतला. हात काळे झाले की उगाच बरं वाटायचं. त्यात मोबाइलवर जुन्या गाड्या नव्यासारख्या केलेल्या बघण्याचा नाद लागला. त्या मागून कशा मोकळ्या, चकचकीत! आणि आमच्या गाडीच्या मागच्या चाकाला डावीकडून हे भलंमोठं साडीगार्ड. कंपनीचं वडिलांना पसंत नव्हतं. आईचं लुगडं तारांत जाऊ नये म्हणून त्यांनी रुंद जाळी वेल्डिंग करून घेतली होती, आणि आई बुटकी, तिचे पाय लोंबकळतात म्हणून जाळीखाली पाय ठेवायला पट्टी.

"हे काढा," मी म्हणालो.

मेकॅनिकनं पाना खाली ठेवला. "राहू द्या की सर. घरात लुगडं नेसणारं कुणी हाय का न्हाई?"

"मला गाडी चालवायचीय, खिडकी घेऊन फिरायचं न्हाई."

दुकानातले दोघेतिघे हसले. आपण काय बोललो म्हणून मीच खूश झालो. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. काढलेलं सगळं सामान त्यानं पोत्यात भरून दिलं. ते पोतं मी घरी आणून परसात टाकलं.

शाळेच्या मैदानावर शिकलो. पहिल्या दिवशी क्लच सोडला तर गाडी पुढं गेली आणि मी मागं राहिलो. पण पंधरा दिवसांत सरळ जायला लागलो आणि एका रविवारी दारात हॉर्न वाजवला. "माय, बस. झरीला जाऊन येऊ." झरीला थोरली बहीण दिलेली आहे. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. क्षणभर मागच्या चाकाकडं बघितलं, मग माझ्या खांद्याला धरून बसली. मला वाटलं, चाकाची चमक बघतेय.

गावाबाहेर पुलाजवळ कुणीतरी हात केला, मीही ऐटीत हात केला. तेवढ्यात मागून हिसका बसला आणि खांद्यावरचा हात सुटला. वळून बघितलं तर आई रस्त्यावर पडलेली आणि तिचा अर्धा पदर चाकात गुंडाळलेला. माणसं जमली. उठून बसायच्या आधी ती त्यांना म्हणाली, "पदर खोचायचं इसरले मी."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. दवाखान्यात बहीण आली आणि आईलाच बोलू लागली, "एवढं बी कळंना का माय तुला? गाडीवर बसताना पदर खोचावा लागतोय." मी एक्सरे हातात धरून गप्प उभा होतो. मला भीती एकाच प्रश्नाची होती: बाबांनी लावलेली जाळी तू काढलीस?

हाड जुळलं, पण मनगट वाकडं राहिलं. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. आता भाकरी बायको करते, आई चुलीजवळ बसून बघते. गाडी चालवतो, पण एकटाच.

परवा मनाशी पक्कं केलं. जाळी परत लावायची आणि आईला खरं सांगायचं. परसात गेलो, पोतं ओतलं. जुना प्लग, वायरी, फुटकी काच. जाळी नव्हतीच.

"काय हुडकायलास?" आई मागं येऊन उभी होती.

"गाडीची जाळी."

तिनं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. त्या बाजूला मी कधी फिरकतच नाही. जाळी तिथं रोवलेली होती, तिच्यावर दोडक्याचा वेल चढलेला, पाय ठेवायच्या पट्टीवरून दोन दोडके लोंबत होते.

"कवा काढलीस पोत्यातून?"

"तू पोतं टाकलंस त्याच दिशी. वेलाला बरी म्हणलं."

म्हणजे झरीला निघालो त्याच्या कितीतरी आधी. "तुला ठाव व्हतं? मग बसलीस कशाला?"

"सा वर्सानं कुणी गाडीवर बस म्हणलं, बाबा. तू बी लय खुशीत व्हतास."

मी तिथंच उभ्या उभ्या बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, तो खिडकीचा विनोदसुद्धा. ती म्हणाली, "माय हाय का तिथं? दे तिला."

आईनं डाव्या हातानं फोन घेतला.

"त्याचं काय ऐकायलीस," ती म्हणाली. "पदर मीच खोचला न्हवता."