दिवा मालवून आलेलं विमान

परवा पहाटे आमच्या बोरीत असं धुकं पडलं, की दावणीचा बैल दिसंना. आमी खळ्याखळ्यांवर शेकोट्या पेटवून बसलो होतो... तेवढ्यात डोक्यावर विमान घोंगावायला लागलं.

निजाम सरकारचं असंल, म्हणाले लोक. गायरानावर घिरट्या घालायलाय, पोटाखाली हा मोठा दिवा. त्या दिव्यानं धुकंच तेवढं पांढरंफेक झालं. मग एकाएकी दिवा मालवला, अन् आवाज खाली यायला लागला.

सध्याचे दिवस कसे हायेत, तुमाला सांगायला नको. दरोड्याच्या धास्तीनं गावानं ठरवलंय, कंदील घेऊन येईल तो पाहुणा, दिवा मालवून येईल तो चोर. अन् माझं तोंड तर तुमाला ठाऊकच हाय...

"मुडद्यानं दिवा मालवला," मी म्हणलं. "इझवा शेकोट्या. गाव दिसू देऊ नका त्याला."

माझ्या शब्दाबाहेर कोण जातंय? भराभर माती टाकली सगळ्यांनी. घटकाभरही झाली नसंल, तुरीच्या रानात कडाडकन वाजलं.

काठ्या घेऊन पळालो. विमानाचा पंख मोडलेला, अन् आत एकटाच माणूस. कपाळ फुटलेलं, पाय लोखंडात अडकलेला. माझ्याकडंच बघून बोलला.

"बत्ती जलाया तो धुंद की सफेद दीवार हो जाती थी, अम्मा. बुझाया तबीच तुमारी आग दिखी. उसकेच भरोसे उतर रा था... कायको बुझाए?"

काठ्या खाली गेल्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काठी टाकली अन् त्याचा पाय सोडवायला लोखंडाला हात घातला.

अन् लाज कशाची जास्त वाटली सांगू? धुक्यात गोठ्याकडं जाताना मी सुद्धा कंदील पदराआड, पायाजवळ धरते. डोळ्यांपुढं धरला की पुढची गायही दिसत न्हाई. मी केलं तर शहाणपण, त्यानं केलं तर चोरी...

दोन दिवस माझ्या घरी ठेवून आज त्याला गाडीत घालून जिंतूरच्या दवाखान्यात धाडलं. पाय वाचंल म्हणतात. पुन्हा धुकं होतंच. गाडीवान कंदील वर बांधायलाय बघून मी तो सोडला अन् गाडीखाली टांगला. वेशीबाहेरपर्यंत माझ्याच सरपणाच्या शेकोट्या पेटवल्या.

जाताना त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं माझ्या हातच्या कालच्या भाकरीचं नाव काढलं, लय गोड होती म्हणाला.

तो जगला, हे त्याचे माझ्यावर उपकार.