तीन नोकऱ्या आणि एक बी.एस्सी.

माणसाला नोकरी एकच करता येते, पण किस्से न केलेल्या नोकऱ्यांचेही साठतात! लढाईच्या दिवसांत मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि सहा-सात महिन्यांनी एकाच आठवड्यात तीन पत्रं आली. सांगलीच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, फलटणकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट, नाहीतर साताऱ्याला सरकारी माती प्रयोगशाळेत असिस्टंट. आपलं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढी एकच हौस होती. म्हटलं, तिन्ही ठिकाणं आधी बघून तरी येऊ.

*

कॉलेजात आमच्या सरांकडे अचूक वजनाचा जर्मन तराजू होता. मोडला तर लढाईत दुसरा कुठून आणायचा? म्हणून सरांनी तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पोरं काचेबाहेरून तराजू बघायची आणि वहीत वजन लिहायची. पुण्याहून परीक्षक आले, त्यांनी किल्ली मागितली. सर शांतपणे म्हणाले, "लढाई संपू दे. मग करू वजन."

मला मात्र त्यांनी कारखान्यात जायला सांगितलं. खरं काम तिकडेच होतं म्हणे.

*

कारखान्यात माझा वर्गमित्र भूपाल केमिस्ट होता. तराजू इथंही होता, आणि चक्क उघडा! हंगामाची पहिली मोळी टाकताना सगळ्या यंत्रांची पूजा झाली, त्यात मुकादमानं तराजूच्या एका पारड्यालाही हळदकुंकवाचे चांगले जाड पट्टे ओढले. दुसऱ्या दिवसापासून नमुन्यातली साखर जास्त भरायला लागली. मॅनेजर खूश. भूपालनं चार दिवसांनी कारण हुडकलं, पारडं पुसलं, आणि साखर उतरली. मॅनेजरनं त्याला बोलावून विचारलं, "पुसायला कुणाची परवानगी घेतली?"

भूपालचा सल्ला एकच. सरकारी नोकरी धर, सुखी होशील.

*

साताऱ्याला गेलो तर गणपत, आमच्याच वर्गातला, टेबलाखाली रांगत होता. त्याच्या हातून एक परीक्षानळी फुटली होती. नियमाप्रमाणे तिचे तुकडे पार्सल करून वरच्या कचेरीत धाडले, तर चार महिन्यांनी पार्सल परत! सोबत शेरा: एक तुकडा कमी आहे, खुलासा करावा.

"कॉलेजात जा गड्या," तो खालूनच म्हणाला.

*

खंडाळ्याकडं घरी गेलो. आमचे वडील, आबा, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिघंबी येऊ नको म्हणत्यात, म्हंजे तितं मानूस कमी हाय. मानूस कमी असंल तितंच जायाचं असतंय."

आता या हिशेबानं कुठंही जाता आलं असतं. पण माती निदान कुणाच्या तरी शेतातून येते, असा विचार करून मी सरकारी धरली.

*

रुजू झालो आणि जतकडून मातीचं एक गाठोडं आलं. वरिष्ठ म्हणाले, छापील उत्तर धाडून द्या. मी मुळीच ऐकलं नाही. आठ दिवस खपून माती तपासली, काय पेरावं, काय पेरू नये, सगळं सोप्या मराठीत दोन पानं लिहून पाठवलं.

महिन्याभरानं एक म्हातारबाबा दारात उभे. पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर धावणाऱ्या मोटारी बदलत दोन दिवस प्रवास करून आले होते, हातात माझी दोन पानं. काय सांगू, मला भरून आलं! खुर्ची दिली, चहा मागवला, गणपतला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हटलं, बघ लेका, शिक्षण कसं उपयोगी पडतं.

मग बाबांना विचारलं, लिहिलेलं बरोबर निघालं का?

"बरूबर हाय की. मास्तरानं वाचून दावलं, लय झ्याक लिवलंय. पर त्ये आमाला आदीच ठावं हुतं." बाबांनी मांडीवर धोतराचा सोगा पसरला. "आता आमची माती तेवढी परत द्या."