चार एकरांची भाकरी

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली, तेव्हा मी नवऱ्याचं चार एकर शेत दळून खाल्लं. एकटीनं नाही, सासू-सासऱ्यांनाही वाढलं.

निजामाचं राज्य गेलं तो भादवा. नणंद गुलबर्ग्याला दिलेली, दिवस भरत आलेले. तिला आणायला हे निघाले. निघताना कोपऱ्यातल्या, तोंड लिंपलेल्या मडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पेरणीचं बी हाय. सांभाळ. आठ दिवसांत येतो, आलो की पेरायचं."

"व्हय," मी म्हणाले. (ऐकलं कुणी? मी यांच्या नव्या रुमालाकडे बघत होते!)

आठाचे पंधरा दिवस झाले. माणूस नाही, चिठ्ठी नाही. औरादच्या बाजारातून येणारा प्रत्येक जण नवी बातमी आणायचा. एक म्हणायचा रस्ते बंद. दुसरा म्हणायचा रस्ते सुरू, पण माणसं दिसत नाहीत! मी सगळ्यांचं ऐकायची आणि दिवसातून तीनदा तरी मनातल्या मनात विधवा व्हायची.

सासूबाईंना ते दिसत होतं.

"भिंतीला टेकून काय बसायलीस? ऊठ, जात्यावर बस. मनातलं दळून निघतंय."

हे औषध त्यांनी स्वतःवर चालवलेलं. तीन लेकरं गेली, तिन्ही वेळा त्या जात्यावरच बसल्या होत्या म्हणे. खुंटा झिजून आरशासारखा झाला होता.

मी बसले. आणि औषध लागू पडलं! जातं घरघरत असलं की बातम्या ऐकू येत नाहीत. थांबलं, की दुप्पट येतात. मग थांबायचंच कशाला? पहिल्या दिवशी आठवड्याची ज्वारी दळली, दुसऱ्या दिवशी महिन्याची. मग हरभरा, मग तूर. मग कारळं, ती तेलकट, जात्याला अशी चिकटली की दोन दिवस भाकरी काळी. शेवटी खडेमीठसुद्धा!

"अगं, पिठाला जाळी धरायली," सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आता बास कर."

"मनातलं अजून उरलंय, आत्याबाई."

त्यांनी उरलेलं धान्य आतल्या खोलीत नेऊन कुलूप घातलं, आणि लेकासाठी नवस बोलायला शेजारच्या गावच्या मठात गेल्या. सासरे शेतात. घरात मी एकटी. तेवढ्यात शेजारची गंगक्का दारातून ओरडली, "ऐकलीस का गं? गुलबर्ग्याच्या वाटेवर रिकामी बैलगाडी सापडली म्हणं!"

आमच्याकडे बैलगाडी नव्हतीच, हे पायी गेले होते. पण तेवढा विचार करायला डोकं जागेवर लागतं! माझे हात दळायला काहीतरी शोधत घरभर फिरले आणि कोपऱ्यातल्या मडक्यावर थांबले. मुसळाचा एक ठोका, आत ज्वारी! किडीसाठी घातलेली राख होती, कडुलिंबाचा पाला होता. झाडून घेण्याचंही सुचलं नाही. दिवस कलेपर्यंत सगळं एकजीव केलं.

संध्याकाळी भाकरी राखाडी झाली आणि विषासारखी कडू. सगळ्यांनी खाल्ली. त्या दिवसांत आमच्या घरात सगळंच कडू लागायचं.

तिसऱ्या दिवशी, आम्ही जेवायला बसलेलो असताना, दारात हे उभे! दाढी वाढलेली, पाय सुजलेले. नणंद तिथंच बाळंत झालेली, मायलेकी सुखरूप, रस्ता उघडेपर्यंत यांना तिथंच थांबावं लागलं. मी ताट वाढलं.

यांनी दोन भाकऱ्या उपाशी माणसासारख्या खाल्ल्या. तिसरीला थांबले. "भाकर कडू कामून लागायली?"

"काळजीनं."

त्यांची नजर कोपऱ्यात गेली. मडकं आडवं पडलेलं.

"बी कुठाय?"

"तुमच्या ताटात."

सासऱ्यांचा घास तोंडातच राहिला.

"सगळं?"

"राखेसकट."

हातातल्या तुकड्याकडे त्यांनी बघितलं. मग तो त्यांनी खाल्ला. चार एकरांतला एखादा वाफा असावा. सासूबाईंना हसू फुटलं, हसता हसता त्या रडायलाच लागल्या. जात्याशिवाय रडताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

बी गंगक्कानं दिलं. बातमी तिनंच आणली होती, म्हणून न मागता दिलं. पण जाताना यांना बजावलं, "अण्णा, पुढल्या सालापासून तुमचं बी माझ्या घरी ठेवा. ही बाई घरात असेपर्यंत इथं न्हाई." पेरणी उशिरा झाली, कणसं अर्धी भरली. यांनी कधी काही म्हटलं नाही. फक्त गावाला निघाले की आधी मडकं गंगक्काकडे पोचवायचे.

आता हे नाहीत, गंगक्का नाही. जातं परसात पालथं पडलंय. परवा नातवाचा गुलबर्ग्याहून दोन दिवस फोन आला नाही. मी चकार शब्द बोलले नाही, नुसती उठून कोपऱ्यापर्यंत गेले.

वळून बघते तर सूनबाई बियाण्याची पिशवी काखेत मारून गंगक्काच्या सुनेच्या घराकडे निघालेली!