शर्टाखालची गादी

लाखनीच्या माझ्या सीट-कव्हरच्या दुकानात मी एकदा एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कमरेवर सलगीनं थाप मारली आणि माझाच हात झिणझिणला. "डब्बा कमरेले बांधून फिरता काय?" मी विचारलं. शर्टाखाली पिस्तूल होतं. तो एका राईस मिलवाल्याचा अंगरक्षक. मी दोन पावलं मागे सरलेलो पाहून म्हणाला, "चालते ना, भाऊ." चहा सांडो की गाडी पंक्चर होवो, त्याचं उत्तर ठरलेलं.

मग एक दिवस तो पिस्तुलाचं चामडी कव्हर घेऊन आला. टोचत असेल म्हणून मी आतल्या बाजूला स्पंज लावायला घेतला.

"आतून नाही, भायेरून लावा," तो म्हणाला. "मले नाही टोचत. दवाखान्यात नेतो तवा बायको गाडीवर मांगून कंबर धरून बसते. सलाईननं हात सुजले तिचे."

मी हातानं शिवलं. एक गाठ वर येऊ दिली नाही.

पावसाळा सरता सरता तो पुन्हा आला. "वहिनी बऱ्या आहेत ना?" मी विचारलं. तो कव्हरावरचा मळलेला स्पंज अंगठ्यानं दाबत राहिला.

"हे काढून टाका, भाऊ. मांगं कोनी बसत नाही आता."

मी कात्री घेतली, तर त्यानं कव्हर उचलून पोटाशी धरलं आणि तसाच निघून गेला. 'चालते' म्हणालाच नाही.

संध्याकाळी मोटारसायकलवर घरी जाताना बायकोला हे सांगितलं. एरवी ती सीटमागची दांडी धरते. आज तिनं दोन्ही हात माझ्या ढेरीवर आवळले आणि म्हणाली, "तुमाले तं देवानंच गादी लावून देल्ली. हळू चालवा."