किल्ली कुणाकडे असते?

माझे सासरे जन्मभर लिफ्ट तपासत हिंडले आणि घर घेतलं ते तळमजल्यावर. कुणी थट्टा केली की म्हणायचे, "आचाऱ्याला स्वतःच्या हातचं गोड लागतं का कधी?"

त्यांची तपासायची रीत जगावेगळी होती. लिफ्ट चालते कशी, ते बघतच नसत. "चालताना सगळ्याच गुणी असतात, पाहुण्यांसमोरच्या पोरांसारख्या," म्हणायचे. ते वीज बंद करायला लावायचे आणि मग काय होतं ते बघत उभे राहायचे. ब्रेक धरतो का, आतला दिवा टिकतो का, आत अडकलेल्याची हाक बाहेर पोचते का. इमारतींचे मालक पुढे पुढे करायचे, चहा मागवायचे. सासरे चहा पिऊन इमारत नापास करून घरी यायचे. "चहा चांगला होता, लिफ्ट वाईट होती. दोन्हींची गल्लत कशाला?"

काळोख्या खड्ड्यात लिफ्टच्या टपावर उभं राहणारा माणूस, त्याला कसली भीती? मलाही तसंच वाटायचं. सासूबाई गेल्या तेव्हा कळलं, आहे, एक भीती आहे.

सासूबाई मोठ्या दवाखान्यात वारल्या. श्वास अडकला. औषध समोरच्या कपाटात होतं, पण कपाटाची किल्ली कुणाकडे, ते कुणाला सांगता येईना. सासरे लांबलचक व्हरांड्यात टेबलामागून टेबल विचारत पळाले. परत आले तोवर संपलं होतं, आणि खाटेजवळ कुणीच नव्हतं. त्यावर ते माझ्याशी एकदाच बोलले, भाजी निवडता निवडता. "मरणाचं काही नाही गं, सूनबाई. त्यातून कोण सुटलंय? पण श्वास अडकलाय, आपण दाराकडे बघतोय आणि दारातून कुणी येत नाही, एवढं मात्र नको."

आणि दुखणं त्यांच्याही वाट्याला फुप्फुसांचंच आलं.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "आता रोगावरची औषधं पुरे. त्रास कमी राहील तेवढं बघू." त्यांनीच एक शुश्रूषागृह सुचवलं. तिथे माणसाला बरं करायला ठेवत नाहीत, शेवटचे दिवस सुसह्य जावेत म्हणून ठेवतात. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच यांनी मला बजावलं, "बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. हाय खातील." वन्संचाही फोनवर तोच धोशा. मग सासऱ्यांना सांगितलं गेलं, छातीत पाणी झालंय, ताकद भरेपर्यंत थोडे दिवस एका ठिकाणी आराम करायचाय. मी मान डोलावली. आपल्या माणसाशी खोटं बोलताना मान डोलावणं फार सोपं जातं, तोंड उघडावं लागत नाही.

हे कामावर गेले की घरात आम्ही दोघंच. दूध गॅसवर असायचं आणि कान त्यांच्या खोलीकडे. श्वासाची घरघर ऐकू आली तरी दारात जाऊन बघायचं, नाही आली तरी बघायचं. देवासमोर बसले तर नाम ओठांवर आणि लक्ष भिंतीपलीकडे. मागणं एकच: देवा, मी एकटी असताना नको. एकदा तसं झालंच. त्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले, आणि मी नुसती "बाबा, बाबा" करत राहिले. ते आपसूक निवळलं, माझ्यामुळे नव्हे. त्या दिवसापासून ते शुश्रूषागृह मला देवळाच्या दाराइतकं जवळचं वाटायला लागलं.

सासरे मात्र म्हणाले, "आधी तपासणी. तपासल्याशिवाय आत पाऊल नाही."

गेलो. बसकी दुमजली इमारत, फिनेलचा वास, भिंतीलगत चाकाच्या खुर्च्या. कार्यालयातल्या बाई लगबगीनं पुढे आल्या. "अगदी घरासारखं वातावरण आहे हो आजोबा."

"घरासारखं हवं असतं तर घरीच नसतो का राहिलो? दुसरं काय आहे ते दाखवा."

बाईंनी आमची गाठ एका मावशींशी घालून दिली आणि त्या सटकल्या. सासऱ्यांना खुर्चीत बसवून मावशी उतारावरून वरच्या मजल्यावर ढकलायला लागल्या, सासरे विचारायला लागले. रात्री माणसं किती? वीज गेली तर? ऑक्सिजनचं नळकांडं नुसतं बघून त्यांचं भागेना, त्यांनी ते उघडायला लावलं आणि फुसफुस आवाज आल्यावरच मान हलवली. एका खोलीत एक आजी तोंड उघडं टाकून पडल्या होत्या, जिवंत आहेत की नाही असं वाटावं अशा. मावशी थांबल्या, कापसाचा बोळा भिजवला आणि म्हणाल्या, "आजी, ओठांना पाणी लावते हं."

"ती ऐकतेय थोडीच," सासरे म्हणाले.

"नसेल ऐकत. ऐकत असली तर?"

सासरे त्या बोळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जमलं. पण व्हरांड्याच्या टोकाला औषधांचं कपाट दिसलं आणि त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवली.

"उघडा."

"किल्ली सिस्टरकडे असते."

"सिस्टर कुठायत?"

"खाली जेवायला गेल्यात. येतीलच."

"नापास," सासरे म्हणाले. "चला घरी."

हे भडकले. "बाबा, काय चालवलंय? माणसानं जेवूसुद्धा नये?"

"जेवावं की. किल्ली जेवते का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते रागावलेले नव्हते, सुटल्यासारखे दिसत होते. शाळेला अवचित सुट्टी मिळालेल्या पोरासारखा चेहरा. तो बघून मला उमगलं. या माणसाला खोट काढायची नव्हती, त्याला इथे राहायचं नव्हतं. आणि मला घरी जायची धास्ती.

खुर्ची स्वतःच वळवायला गेले आणि तिथेच श्वास अडकला. खांदे कानांपर्यंत चढले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, ओठ जांभळट झाले. डोळे गरगर फिरले आणि जिन्याच्या दारावर जाऊन थांबले. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. हे "सिस्टर! सिस्टर!" करत जिना उतरत धावले. वडील तेव्हा धावले होते तसेच. आयुष्यभर घेतलेलं देवाचं नाव तेवढं मला आठवेना.

मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. पायानंच स्टूल ओढलं, त्यावर उशा रचल्या, सासऱ्यांना पुढे वाकवून त्यांचे हात उशांवर टेकवले. टेबलावरचा पंखा त्यांच्या तोंडाकडे वळवला. मला म्हणाल्या, "ताई, ती खिडकी उघडा." मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगत राहिल्या, "मी इथे आहे, आजोबा. मी कुठे जात नाही. हळू सोडा श्वास. मी आहे."

सिस्टर धापा टाकत वर आल्या. उजवा हात खरकटा होता. डाव्या हातानं कपाट उघडलं, हातावर पाणी घेतलं न घेतलं, आणि जिभेखाली औषधाचे थेंब सोडले. मग त्या समोर फरशीवरच बसल्या, सासऱ्यांच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा. किती वेळ गेला देव जाणे. खांदे हळूहळू उतरले. ओठांवर रंग आला.

बोलता यायला लागल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "किल्ली खाली का होती?"

कार्यालयातल्या बाई गडबड ऐकून आल्या होत्या. "असं कधी होत नाही हो, आजच नेमकं..."

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "आधीही एकदा झालंय. जेवायला जाताना किल्ली पलीकडच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे द्यायची असा नियम आहे, आजोबा. भूक लागली होती. पटकन जाऊन येते म्हटलं आणि तशीच गेले. माझं चुकलं."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "हे अडकणं परत येणार?"

"येणार."

"इथून माणसं बरी होऊन घरी जातात?"

त्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या यांनी हात जोडले, नको नको अशी मान हलवली. सिस्टरनं ते पाहिलं. मला तर जिना उतरून पळून जावंसं वाटलं.

"तुम्हाला खरं हवंय का, आजोबा? नको असेल तर तसं सांगा. मग मी काही बोलणार नाही."

"मी तपासायला आलोय, बाई."

"नाही जात. सहसा कुणीच नाही. इथे आम्ही त्रास कमी करतो, दुखणं नाही."

सासऱ्यांनी मान वळवून यांना विचारलं, "तुला माहीत होतं?" हे लहान मुलासारखे रडायला लागले. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुला?"

"हो, बाबा."

"म्हणजे सगळ्या घराला ठाऊक. मोरीतल्या पालीलासुद्धा सांगितलं असेल. मलाच तेवढं नाही." हसायला गेले, पण जमलं नाही. मग अगदी हलक्या आवाजात सिस्टरना म्हणाले, "शेवटी... असंच?"

"असं होऊ शकतं. बहुतेक वेळा औषधानं आवरतं. नाही आवरलं तर झोप लागेल असं औषध देतो. कुणालाच कधी त्रास झाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी कुणीतरी शेजारी असतं."

"उद्या पुन्हा तपासणी," सासरे म्हणाले.

तसेच घरी परतलो. संध्याकाळी त्यांनी दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. वन्संचा फोन आला, "कसं होतं ते ठिकाण?" मी काय सांगणार? स्वच्छ होतं, एवढंच सुचलं. रात्री रोजनिशी लिहायला बसले तर तिथेही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी न कळवता निघालो, ऐन जेवणाच्या वेळेला. दाराशी गाडी थांबली. हे उतरून खुर्ची आणायला गेले. सासरे उतरेनात.

"बाबा?"

"तू जाऊन बघून ये," ते म्हणाले. समोरच्या आसनाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "किल्ली कुणाकडे आहे तेवढं बघ. मी बसतो इथेच."

"तुम्हीच बघा ना."

"सूनबाई, पास झालं तर राहावं लागेल गं."

एवढंच बोलले. मी उतरले. जिना चढताना माझ्या मनात काय काय येत होतं! किल्ली जागेवर नसेल तर ते आनंदानं घरी येतील आणि उद्या माझ्या एकटीच्या हातात त्यांचा श्वास अडकेल. जागेवर असेल तर मला खाली जाऊन त्यांना ते सांगावं लागेल, म्हणजे त्यांच्या घरी परतण्यावर मीच फुली मारायची. देवाकडे काय मागायचं तेच कळेना. जन्मात पहिल्यांदा मी काही न मागता पायऱ्या चढले.

सिस्टर खाली जेवायला गेल्या होत्या. पलीकडच्या वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरनं गळ्यातली दोरी ओढून किल्ली बाहेर काढली. "हीच विचारताय ना? कालच्या आजोबांच्या तुम्ही सूनबाई? सिस्टर सांगून गेल्यात, ते येतील, त्यांना दाखव."

मी ती किल्ली हातात घेतली. त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट झालेली होती. परत दिली आणि जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. "नाही सापडली" म्हणणं किती सोपं होतं. मान हलवली की भागलं असतं, तोंडही उघडावं लागलं नसतं.

गाडीचं दार उघडून मी त्यांच्या शेजारी बसले. "आहे, बाबा. दुसऱ्या सिस्टरच्या गळ्यात आहे."

"नीट बघितलीस?"

"हातात घेऊन."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर हे खुर्ची घेऊन उभे होते, आत बघायचा धीर नव्हता त्यांच्यात. डोळे न उघडताच सासरे म्हणाले, "तू भितेस का गं?"

"फार भिते, बाबा."

"मला वाटलं, तू देवाधर्माची, तुला नसेल भीती."

"आहे की. रोजच असते."

"बरं झालं," ते म्हणाले आणि आसनाची कड सोडली. "मग एकटाच नाही मी. चल, धर मला."

त्यांना खाटेवर बसवलं, उशा रचल्या, चष्मा हाताशी ठेवला. निघताना मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात लवकर उचलला नाही.

घरी आलो. स्वयंपाक करायला लागले आणि सवयीनं कान त्यांच्या खोलीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्या शांततेची मला इतकी भीती वाटली की मी नळ सोडून ठेवला. तेवढ्यात फोन वाजला आणि हातातलं भांडं पडलं. त्यांचाच फोन.

"काय झालं, बाबा? श्वास?"

"काही नाही. खाटेशी बेल आहे, ती दाबून बघितली. मावशी आली."

"बरं."

"काही होत नव्हतं मला. उगीच दाबली. ती चिडली नाही." थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, घरघरता. "आणखी एकदा दाबू का गं?"

"दाबा, बाबा," मी म्हटलं. "मी फोनवर आहे."